बिनपट्टीचं मशीन

मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत गालिचा एकाही घरात नाही, पण गालिचा झाडायचं मशीन घरोघरी आहे. माझं घर तेवढं सोडून.

ही इमारत ‘वायुराज’च्या कामगारांनी संस्था काढून बांधली. वायुराज म्हणजे भांडुपची कंपनी, व्हॅक्युम क्लीनर बनवायची. मोठी हॉटेलं, मलबार हिलचे बंगले, सिनेमाची थेटरं, सगळीकडे तिचं मशीन जायचं. लांबट पोट, खाली चाकं, पुढे सोंडेसारखी नळी. पोरं त्याला हत्तीच म्हणायची. ब्याऐंशी साली कंपनीला कुलूप लागलं. मी कंपनीतला नाही. गावी परत निघालेल्या एका कामगाराकडून मी घर घेतलं आणि वर्षभरात मला संस्थेचा खजिनदार केलं. माझ्या हुशारीवर कोणी भाळलं नव्हतं. कपाटाची किल्ली आपल्यातल्या कुणाकडे द्यायला एकही जण राजी नव्हता, एवढंच.

हत्ती कुणाच्या घरी कसा राबतो ते बघायला मजा येते. एका घरी त्याच्यावर टीव्ही ठेवलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या धाकूची बायको सोनूबाई त्याच्यावर बसून तांदूळ निवडते. आमचे अध्यक्ष दशरथमामा, कंपनीतले जुने फोरमन, त्यांनी हत्तीला क्रोशाचा रुमाल घातलाय. चालू मात्र कोणीच करत नाही, कारण बिल वाढतं आणि शिवाय आवाज बाहेर जातो. कुणालाही विचारा, मशीन कुठून आलं? “कंपनीने दिलं.” कधी दिलं, असं विचारलं की लगेच चहा येतो.

माझा आपला एक अंदाज आहे. इथले पुरुष कामावर जाताना चार पुडांचा डबा नेत. भांडुप काही लांब नाही. एवढं खाणारी माणसं इतकी किडकिडीत कशी? डबा जाताना हलका आणि येताना जड, असं दहा-बारा वर्षं चाललं तर हत्ती अंबारीसकट घरी येईल.

तर सत्त्याऐंशी सालचे गणपती नुकतेच गेले होते. एक माणूस खांद्याला पिशवी लावून आमच्या जिन्याखाली उभा राहिला. चाळिशीतला, दाढी वाढलेली, पिशवीतून स्क्रू ड्रायव्हरची मूठ डोकावतेय. धाकू दूध घेऊन येत होता, त्याला त्याने विचारलं, “काका, तुमच्याकडे वायुराजचं मशीन आहे का? कुठल्या सालचं?”

“वायुराज?” धाकू म्हणाला. “ते काय असतं?”

धाकूच्या डोक्यावर तेव्हा ‘वायुराज कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था’ अशी हातभर लांब पाटी होती. त्या माणसाने पाटी वाचली, धाकूकडे बघितलं आणि “बरं, पुन्हा येतो” म्हणून गेला.

संध्याकाळी जिन्याखाली सभा भरली.

“एक्साईजवाला असणार.”

“छे रे. त्या टायवाल्या पोरांतला असेल. हल्ली दारोदार हिंडतात ना, नवीन मशीन घ्या म्हणून. आमच्या सतरंजीवर मेल्याने मुद्दाम राख टाकली, आणि नेमकी लाईट गेली.”

“ह्याच्या गळ्यात टाय होता काय, धाकू?”

“टाय नव्हता. चप्पल होती. ती पण तुटकी.”

दशरथमामा सगळ्यांचं ऐकून घेत होते. मामा चिडले की मालवणीवर येतात. “टाय नाय, चप्पल तुटकी, आणि साल इचारता. मालकाचो माणूस तो. साल कळला काय मशीन खयच्या लॉटातला ता कळता. मगे बसा बोंबलत.”

 कामगारांचा कंपनीविरुद्धचा दावा कोर्टात अजून चालू होता. अशात मालकाच्या माणसाला घरोघरी हत्ती सापडणं म्हणजे वाट लागली. त्या रात्री इमारतभर माळ्यावर काहीतरी ओढत नेल्याचे आवाज येत होते. सोनूबाई दुसऱ्या दिवशी पाटावर बसून तांदूळ निवडत होती.

मशीन माळ्यावर न चढवलेलं घर एकच, माझ्या समोरचं. मालनवहिनींचं.

वहिनींचे यजमान भीमराज कंपनीत मोटर वाइंडिंगला होते. माणसं साताऱ्याकडची, बौद्ध. एकाहत्तर साली थोरले शेठ गेले, मुलगा खुर्चीवर बसला आणि त्याने घरझडती घेतली. पहिलंच घर भीमराजचं. तिथे मशीन सापडलं आणि त्या मशीनला नंबराची पट्टी नव्हती. कंपनीतून सरळ बाहेर पडलेल्या मशीनला अॅल्युमिनियमची पट्टी असायचीच, म्हणजे हे चोरीचं. भीमराजला काढलं. चोर सापडला म्हणून झडतीही तिथेच थांबली. बाकीच्या घरांच्या पट्ट्या नंतर बघितल्या असत्या तर शाबूत निघाल्या असत्या, असं इमारतीत आजही छाती पुढे काढून सांगतात. मधल्या काळात पट्ट्या कुठून आल्या ते सांगत नाहीत.

भीमराज पुढे घाटकोपरला पंखे दुरुस्त करून जगले आणि पंच्याऐंशीत वारले. वहिनी पालिकेच्या दवाखान्यात आया. घर आपल्या नावावर करा म्हणून त्यांनी अर्ज दिला आणि तेव्हा मामांना संस्थेचा एक पोटनियम आठवला: चोरीसाठी कंपनीतून काढलेला माणूस सभासद राहू शकत नाही. नवरा सभासद नाही, तर बायकोच्या नावावर घर कुठलं? भीमराज जिवंत असेपर्यंत हा नियम कुणालाच आठवला नव्हता. आणि मामांचा भाचा वाकोल्याला भाड्याच्या खोलीत राहत होता, त्याला मुलुंड फार आवडायचं. दसऱ्यानंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती. वहिनींचं घर राहतं की जातं, ते त्या सभेत ठरणार होतं.

तो पिशवीवाला चार दिवसांनी माझ्याकडे आला. श्यामकांत त्याचं नाव, बोरिवलीला दुरुस्तीचा गाळा.

“माझ्याकडे मशीन नाही,” मी आधीच सांगितलं.

“म्हणूनच आलो. ज्याच्याकडे नाही तोच दार उघडणार.”

माणूस बिनडोक नव्हता. माझी बायको प्रेमा चहा घेऊन आली तेव्हा त्याने उघड्या दारातून समोरच्या बंद दाराकडे एकदा बघितलं. ते घर कुणाचं, हे काही विचारलं नाही. नवा माणूस विचारतो. ज्या रकमेचा हिशेब लगेच लागत नाही ती मी उचंत खात्यात टाकतो, नंतर बघू म्हणून. हेही तिथेच टाकलं.

त्याचं म्हणणं असं, की कंपनीचं भंगार त्याने लिलावात घेतलं. गोणीगोणी सुटे भाग. पण कागद आधीच रद्दीत गेले होते. कुठल्या सालच्या मशीनला कुठला भाग बसतो हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून तो जुनी मशीनं शोधत हिंडत होता.

“एवढ्यासाठी बोरिवलीहून मुलुंड?”

“एवढ्यासाठी मढलाही जाऊन आलो. तिथे शूटिंगच्या बंगल्यात एक आहे. त्यात धूर भरून उलटा सोडतात, धुकं म्हणून.”

मी कुणाच्या शब्दावर पावती फाडत नाही. पुढच्या रविवारी न सांगता बोरिवलीला गेलो. गाळा होता. गोण्या होत्या. चाकं, नळ्या, कापडी पिशव्या, हत्तींचा कत्तलखानाच. दाराच्या आतल्या बाजूला त्याने खडूने सालं मांडली होती, निम्म्या जागा रिकाम्या.

“हे बघा,” तो म्हणाला. मी तपासायला आलोय हे त्याला कळलं होतं, पण राग नव्हता. “सुरुवातीची मोटर परदेशी. पासष्टच्या लढाईनंतर माल यायचा थांबला, मग भांडुपलाच गुंडाळायला लागले. हे रबरी चाक. सत्तरपर्यंत चाललं. पुढे नायलॉन. बटण आधी काळं बेकलाइटचं, अगदी शेवटी लाल प्लास्टिकचं. एवढं जुळलंय. पण आतली मापं लागत नाहीत. हॉटेलवाले एकाचं पोट दुसऱ्याला लावतात. सबंध एका सालचं, कुणी हात न लावलेलं एक मशीन मला मिळालं ना, तर बाकी सगळं त्याच्यावरून लागेल.”

“पट्टीवर नंबर असतो की.”

“पट्टी दोन स्क्रूंवर बसते, नाना, आणि दोन स्क्रूंवर निघते. मी पट्टी वाचतो आणि मग मशीन उघडतो.”

परत येईपर्यंत दशरथमामांनी उलट डाव रचला होता. इमारतीत संशय फार दिवस नुसता बसून राहत नाही, त्याला काम द्यावं लागतं.

“नाना, लपवलां तर संशय वाढतलो,” मामा म्हणाले. “खंडेनवमीला आपण सगळी मशीनं खाली पूजेला मांडू. पट्ट्या चकाचक. येऊ दे त्याला, बघू दे. मालकाचा असला तरी सांगेल जाऊन, सगळ्यांना पट्टी आहे. आणि एकाच मशीनला नाही हेही त्याच्याच तोंडून निघेल. चार माणसांसमोर. रविवारी सभेत मग वाद नको.”

“तो पट्टीच बघणार ना?”

“मग काय बघणार? पट्टीच तर बघायची असते.”

मी मान हलवली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं, स्वतःच उत्तर दिलं होतं. मला त्यांनी फक्त मालनवहिनींना निरोप द्यायला सांगितलं.

वहिनी ड्यूटीवरून येऊन भाकरी थापत होत्या. मी निरोप सांगितला. त्यांनी हात थांबवला नाही.

“तुम्ही त्यांच्याकडून आलात का तुमच्याकडून, भाऊ?”

“खजिनदार म्हणून आलो.”

“म्हणजे कुणाकडूनच नाही.” भाकरी उलटून त्या म्हणाल्या, “बसा. तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. कंपनीत खंडेनवमीला एक नवंकोरं मशीन पूजेला बसवायचे. पूजेचं मशीन विकायचं नाही, हा थोरल्या शेठचा नेम. विकायचं नाही म्हणून त्याला पट्टीच मारायची नाही. मग सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने ते घरी न्यायचं. सत्तर साली ह्यांचं निघालं.”

“मग?”

“हे पूजेला हात जोडत नव्हते. लांब उभे राहायचे. दरसाल चिठ्ठी निघाली की टाळ्या पडायच्या, त्या साली एक टाळी नाही. धाकूभावजी म्हणाले, देवाचं मशीन कुठं चाललं बघा. मस्करीत हं. वर्षाच्या आत शेठ गेले आणि झडती आली. ह्यांनी सांगितलं, चिठ्ठीत मिळालं. छोट्या शेठने दशरथमामांना विचारलं. मामा म्हणाले, आठवत नाय. मामांना आठवेना म्हटल्यावर मग कुणालाच आठवेना.”

“चिठ्ठी काढली कोणी होती?”

“मामांनीच. आपल्या हाताने.”

खाटेखाली जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. मी तिकडे बघतोय हे बघून त्या म्हणाल्या, “एकदाही चालवलं नाही. चालवलं तर म्हणणार, चोरीचा माल वापरतात. टाकून दिलं तर म्हणणार, पुरावा टाकला. सोळा वर्षं नुसती धूळ झटकते त्याची. धूळ ओढायच्या मशीनची.”

“आणणार का खाली?”

“आणते. पण उघडायचं तर त्याच माणसाने. बाकी कुणी हात लावायचा नाही.”

मशीन उघडायचं आहे असं मी बोललो नव्हतो. पण भाकरीचा वास सुटला होता, मी उठलो.

खंडेनवमीला जिन्याखालची जागा सारवल्यासारखी धुतली. एरवी तिथे स्कूटरी, पाण्याचा पंप आणि विजेचे मीटर पूजले जातात. यंदा माळ्यावरून उतरलेले हत्ती ओळीने उभे, गळ्यात झेंडू, पट्ट्या चिंचेने घासून लखलखीत. मालनवहिनी शेवटी आल्या. गाठोडं ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून ठेवलं, लुगडं सोडलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मामा एकेका हत्तीच्या सोंडेवर कुंकू लावत आले. मामांचं पहिलं बोट तरुणपणी कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसमध्ये गेलं, त्यामुळे ते कुंकू अंगठ्याने लावतात, चांगलं रुंद, रुपयाएवढं. नवा मीटर असो की कुणाची लुना, मामांचा अंगठा ओळखू येतो. शेवटच्या मशीनपाशी आल्यावर त्यांनी अंगठा तसाच मागे घेतला.

श्यामकांतलाही बोलावलं होतं, तो कोपऱ्यात प्रसादाची साखर खात उभा होता.

“या,” मामा त्याला म्हणाले, अध्यक्षाच्या आवाजात. “तुम्ही जाणकार. सगळ्यांना पट्टी आहे, बघून घ्या. एकालाच नाही. बिनपट्टीचं मशीन कंपनीच्या दारातून सरळ मार्गाने बाहेर पडतं काय, एवढंच चार माणसांत सांगा. नाना आहेत ऐकायला.”

श्यामकांतने टॉर्च काढला आणि पट्ट्या वाचत ओळीने गेला. परत पहिल्यापासून वाचत आला.

“गंमत आहे. ह्याच्यापुढचा नंबर ह्याला. त्याच्यापुढचा त्याला. सगळे ओळीने, खोल्यांच्या नंबरांसारखे. एकाच दुपारी बनली का ही?”

“एकदमच दिली कंपनीने,” धाकू अभिमानाने म्हणाला.

“गप रव, मेल्या,” मामा पुटपुटले.

श्यामकांतने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. “उघडू?”

आता नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूची एक माळ सरळ केली.

पहिला हत्ती धाकूचा. झाकण निघालं. श्यामकांत आत वाकून, जणू धाकूलाच तपासतोय अशा प्रेमाने बोलू लागला. “पोट चौसष्टच्या सुमाराचं. झकास पत्रा. मोटर भांडुपची, म्हणजे लढाईनंतरची. चाकं नायलॉनची, सत्तरच्या पुढची. बटण लाल, ते तर कंपनी बंद व्हायच्या बेतात आली तेव्हाचं. काका, हे एक मशीन बनवायला कंपनीला पंधरा वर्षं लागली की!”

वरच्या जिन्यावर बायका बसल्या होत्या, तिथून हसण्याचा फवारा आला. त्यात आमची प्रेमा होती, तिचं हसणं मी कुठेही ओळखतो.

दुसरं मशीन तसंच. तिसऱ्यात दोन परदेशी भाग आणि एक शिलाई मशीनचा. चौथ्याचा मालक “मला जरा दुकानात जायचंय” म्हणून निघाला, पण सोनूबाईने त्याची वाट अडवली. “बसा हो. आमचं झालं, आता तुमचं बघूक नको?”

पाचवा हत्ती क्रोशाच्या रुमालाचा. श्यामकांतने झाकण काढलं, टॉर्च मारला, पुन्हा मारला.

“मामा, तुमच्यात मोटरच नाही.”

“कशी नाय?” मामा म्हणाले, आणि स्वतःच वाकून बघू लागले.

धाकूला राहवलं नाही. सगळ्यांसमोर त्याच्या मशीनची अब्रू गेली होती, आता एकट्याने का बसावं? “कशी असतली? मामा फोरमन झाले आणि डबो बंद झालो. कॅन्टीनात जेवाक लागले. मोटार आणूची रवली ती रवलीच!”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.  सोनूबाईने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं ‘कंपनीने दिलं’ या तीन शब्दांखाली जे झाकलं होतं ते झेंडूच्या माळा घालून, ओळीत, झाकणं काढून मांडलेलं होतं.

“शेवटचं राहिलं,” मालनवहिनी म्हणाल्या.

श्यामकांत खाली बसला. या मशीनचे स्क्रू गंजले नव्हते पण बसले होते घट्ट, सतरा वर्षं कुणी फिरवलेच नव्हते. झाकण निघाल्यावर त्याने आत टॉर्च मारला. मग एकेका भागाला बोट लावत हळू आवाजात मोजल्यासारखं म्हणू लागला, “रबरी चाक. काळं बटण. भांडुपची मोटर. पोट, पत्रा, रिव्हेट, सगळं एका हाताचं. सत्तर. सबंध सत्तर.” त्याच्या चेहऱ्यावर नवस फळल्यासारखा भाव होता. मग तो थबकला. “हे काय पण? मोटरवर लाल लागलंय. वॉर्निश नव्हे हे. आणि ग्रीसमध्ये तांदूळ?”

 सोनूबाई पुढे झाली, पदर सावरून वाकली आणि आयुष्यभर हळदीकुंकू केलेल्या बाईच्या खात्रीने म्हणाली, “कुंकू आसा ता. अक्षता आसत. अंगठ्याने लावलेलां आसा, बघा, रुपयाएवढा.”

सगळ्यांचे डोळे मामांच्या हाताकडे गेले. अंगठा अजून लाल होता. ओळीतल्या प्रत्येक सोंडेवर तोच ठसा, ताजा. आणि त्या उघड्या पोटात तोच, काळपट पडलेला.

“पूजेचं मशीन!” धाकू म्हणाला. आज त्याचं तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं. “झाकण काढून पूजा करायचे, पहिलं कुंकू मोटरला. मग झाकण बंद. त्याला पट्टी मारायचीच नसते.”

“मग सोळा वर्षं काय झालं होतं, भावजी?” वहिनींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात पेशंटला नाव विचारतात तसा होता.

धाकू आपल्या चपलांकडे बघू लागला. आपापल्या मशीनमागे उभे असलेले सगळेच.

“माका आठवत नाय,” मामा म्हणाले.

“तुम्हाला नसेल, मामा. अंगठ्याला आठवतंय,” वहिनी म्हणाल्या.

मामांनी अंगठा धोतराला पुसला. धोतरावर डाग पडला, तोही रुंद.

श्यामकांतला यातलं निम्मं कळलंच नसावं, किंवा तसं त्याने दाखवलं. “वहिनी, हे विकणार का? काय म्हणाल ती किंमत देतो.”

“पूजेचं मशीन विकायचं नाही, शेठचा नेम होता,” मालनवहिनी म्हणाल्या. “मापं घ्यायची तर घरी येऊन घ्या.” त्यांनी लुगडं उचललं, पण मशीन पुन्हा बांधलं नाही. सोंड हातात धरून तसंच चाकांवर ओढत नेलं. सतरा वर्षांत न फिरलेली चाकं करकरली.

रविवारी सभा झाली. मामांचा भाचा वाकोल्याहून पेढ्यांचा खोका घेऊनच आला होता, बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. मी विषय वाचला, पोटनियम वाचला, शब्दन् शब्द. चोरीसाठी काढलेला माणूस, वगैरे.

मालनवहिनी उभ्या राहिल्या. “नियम चांगला आहे. माझं म्हणणं एवढंच, की लावायचा तर सगळ्यांची झाकणं काढून लावा.”

विरोधात हात वर करायला मी सांगितलं. एक पंखा फिरत होता तेवढाच हलत होता. घर नावावर झालं. सही करताना मामांनी पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं, सही नेहमीपेक्षा बारीक आली. भाच्याचे पेढे शेवटी वहिनींच्याच नावाने वाटले गेले. ताजे होते.

आता इमारतीत नवा संशय आहे. श्यामकांतला आणलं कोणी? काही जण म्हणतात मीच, कारण माझ्याकडे मशीन नाही. धाकू तर मला पाहिलं की हसतो आणि हसणं झालं की विचारात पडतो. मला स्वतःला माझ्यापुरतं माहीत आहे, मी आणलेलं नाही. आमच्या प्रेमाने मात्र परवा भाजी चिरता चिरता सांगितलं, की मालनवहिनींची धाकटी बहीण बोरिवलीला राहते, बाजारामागे, एका मोटर दुरुस्तीच्या गाळ्याच्या वर.

उचंत खातं वर्षाअखेर कोरं करावं लागतं, हा नियम आहे. म्हणून मी समोरच्या दारात गेलो. दार उघडं होतं. वहिनी मशीन चालवत होत्या, आता रोजच चालवतात, दवाखान्यातून आल्यावर, दार सताड उघडं ठेवून. गालिचा नाहीच, कोबा घासतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जातो आणि कोणी तक्रार करत नाही.

मी मोठ्याने विचारलं, “वहिनी, तुमची बहीण बोरिवलीला नेमकी कुठे राहते?”

त्यांनी काळं बटण बंद केलं. इमारत एकदम शांत झाली.

“बसा ना, भाऊ,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते.”